खनिज भुकटीची पारख

पेडणे आणि डिचोली ह्या दोन तालुक्यांच्या बाजारपेठांतून एक नवा माल अलीकडे बराच दिसू लागला आहे. फार्मसीच्या कपाटात तो झाकणबंद बरणीतून उभा असतो, जत्रेच्या फेरीत ताडपत्रीवर पुड्या रचून मांडलेला असतो, आणि हरमल-मांद्र्याच्या किनारपट्टीवरील दुकानांत पाहुण्यांसाठी तो कापडी पिशवीत बांधून ठेवलेला असतो. शिंपल्यांचे कॅल्शियम, शिलाजिताची पूड, पोवळ्याची पिष्टी, लोहाची भुकटी, गुलाबी मीठ अशी त्याची नावे निरनिराळी. पण 'नैसर्गिक' हे विशेषण सर्वांच्या माथी ठळक अक्षरांत छापलेले असते. हा माल केवळ पर्यटक घेतात अशी समजूत कोणी करून घेऊ नये. अंगात रक्त कमी आहे असे डॉक्टरांनी सांगितलेली गृहिणी, गुडघे धरून बसणारे आजोबा, मुलाची उंची वाढत नाही म्हणून काळजीत पडलेली आई ही त्याची खरी गिऱ्हाइके आहेत. ह्या मंडळींकडून आम्हांस वारंवार विचारणा होते की, भुकटी चांगली की वाईट हे घेण्यापूर्वी ओळखावे कसे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दुकानदाराच्या तोंडून मिळेल ही अपेक्षा फोल आहे.

गोमंतकाला हा व्यापार नवा नाही. उलट, साऱ्या जगाला खनिज भुकटी विकण्याचा उद्योग एके काळी आपल्याच भूमीतून चालला होता, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. सतराव्या शतकात गोव्यातील जेजुइटांनी 'गोवा स्टोन' नावाचा एक गोळा तयार करण्यास आरंभ केला. गास्पार आंतोनियो नावाच्या धर्मबंधूचे नाव त्याच्याशी जोडले जाते. बकऱ्यांच्या पोटात सापडणारा बेझोआर हा खडा विषावर उतारा मानला जाई. गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याची चर्चा केली आहे. तो खडा दुर्मिळ आणि म्हणून महाग, तेव्हा त्याचा कृत्रिम अवतार म्हणून शिंपल्यांची पूड, राळ, कस्तुरी, अंबर आणि रत्नांचा चुरा एकत्र मळून हा गोळा वळला जाई व त्याला सोन्याचा मुलामा चढविला जाई. युरोपातील धनिक तो सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवीत आणि ताप आला की त्याचा थोडा कीस खरवडून पाण्यातून अथवा चहातून घेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अशी एक डबी गोळ्यासकट आजही पाहावयास मिळते. डबीची कारागिरी अप्रतिम आहे. तथापि गोळ्याने कोणाचा ताप उतरला की नाही, हे डबीच्या सोन्यावरून ठरत नाही. आजच्या बरणीवरील हिमशिखरांच्या चित्राकडे पाहताना आम्हांस ह्या डबीची आठवण होते.

आता 'नैसर्गिक' ह्या शब्दाकडे वळू. खनिज नैसर्गिक असते म्हणजे ते जमिनीतून अथवा समुद्रातून आलेले असते, इतकाच त्याचा अर्थ. शिसे आणि आर्सेनिक हीदेखील जमिनीतूनच येतात. शिंपला ज्या पाण्यात वाढला त्या पाण्यातील धातू आपल्या कवचात साठवितो. खडक ज्या थरातून फुटला त्या थराचे गुणदोष त्याच्या पुडीत उतरतात. १९९३ साली कॅल्शियमच्या सत्तर प्रकारच्या पूरकांची तपासणी एका अमेरिकन आरोग्यविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हाडांची पूड आणि शिंपल्यांपासून केलेले अशोधित कॅल्शियम ह्यांत शिशाचे प्रमाण प्रयोगशाळेत शुद्ध केलेल्या कॅल्शियमपेक्षा अधिक आढळले, आणि एकंदर मालापैकी सुमारे चतुर्थांश माल लहान मुलांसाठी त्या वेळी सह्य मानलेली मर्यादा ओलांडणारा निघाला. म्हणजे जे अधिक नैसर्गिक तेच अधिक मलिन, असाही प्रकार घडू शकतो. शिंपले भाजून चुना करण्याची विद्या ज्या किनाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, आणि त्याच चुन्याने व काव मातीने आपल्या देवळांच्या भिंती रंगविल्या, त्या किनाऱ्यावरील माणसाला हे समजावयास कठीण जाऊ नये. भिंतीचा चुना आणि पोटात घ्यावयाचे शंखभस्म ह्यांत अंतर आहे, ते मधल्या शोधनाचे. कच्चा चुना जिभेला लावला तर काय होते, हे पान खाणाऱ्याला सांगावे लागत नाही.

लोहाची गोष्ट तर अधिकच मनोरंजक आहे, आणि खेदजनकही. डिचोली तालुक्याचे डोंगर लोहखनिजाचे. खाणींचा तांबडा धुरळा तेथील झाडांच्या पानांवर, घरांच्या कौलांवर आणि माणसांच्या कपड्यांवर कित्येक दशके बसत आला. असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने गोव्यातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३९ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले रक्तक्षयी असल्याचे दाखविले. पायाखाली लोह आहे म्हणून ते रक्तात जात नाही. डोंगरातील लोह हे ऑक्साइडच्या रूपात, म्हणजे सामान्य भाषेत गंजाच्या जातीचे असते, आणि आतड्यांना ते फारच थोडे शोषता येते. तेव्हा 'आपल्या मातीतील लोह' असे सांगून तांबडी भुकटी विकणारा विक्रेता भूगोल खरा सांगत असला, तरी शरीरशास्त्र मात्र चुकीचे सांगत आहे.

मग आपल्या परंपरेत ह्यांवर काही विचार झालाच नव्हता काय? झाला होता, आणि तो अतिशय बारकाईने झाला होता. रसशास्त्राने भस्माच्या परीक्षा नेमून दिल्या आहेत. भस्म अंगठा व तर्जनी ह्यांत चोळले असता बोटांच्या रेषांत शिरले पाहिजे, ती रेखापूर्णता. स्थिर पाण्यावर टाकले असता तरंगले पाहिजे. तो वारितर गुण. त्या तरंगत्या भस्मावर तांदळाचा दाणा ठेवला तरी ते बुडू नये, ही त्याहून कठीण परीक्षा. अभ्रकासारख्या द्रव्याच्या भस्मात उन्हात धरले असता चकाकी दिसता कामा नये. दातांखाली कचकच लागू नये. आणि गूळ, गुंज, तूप, मध व टाकणखार ह्यांसह पुन्हा तापविले तरी मूळ धातू परत उठून दिसू नये. ज्या काळी सूक्ष्मदर्शक नव्हता त्या काळी कणांची सूक्ष्मता आणि प्रक्रियेची पूर्णता ओळखण्याची ही साधने होती, आणि ती कोणाही बुद्धिमान माणसाला आदर वाटावा अशी आहेत. ह्यांतील पहिली आणि दातांखालील परीक्षा घरी करून पाहावयास हरकत नाही. खरखरीत, ओलसर, गुठळ्या झालेली किंवा वास मारणारी भुकटी परत करावी. कोकणच्या पावसाळ्यात उघड्या पुडीतला माल महिनाभरही धड राहत नाही.

परंतु ह्या परीक्षांकडून त्यांच्या आवाक्याबाहेरचे काम करून घेऊ नये. भस्म किती बारीक झाले हे त्या सांगतात, त्यात शिसे किती आहे हे सांगत नाहीत. किलोभर भुकटीत शंभर मिलिग्रॅम शिसे असले तरी तिचा रंग बदलत नाही, वास बदलत नाही, चव बदलत नाही आणि ती पाण्यावर तरंगावयाची राहत नाही. बाजारात विक्रेते ज्या गंमती करून दाखवितात त्यांची किंमत तर याहून कमी. लिंबाचा रस टाकून फेस आला म्हणजे अस्सल शिंपला, असे सांगतात. फेस कार्बोनेटला येतो आणि संगमरवराच्या चुऱ्यालाही तितकाच येतो. लोहचुंबक फिरवून दाखवितात; चुंबकाला चिकटणारा कण लोहाचा आहे एवढेच त्यावरून कळते, तो पचणारा आहे की नाही हे नव्हे. शिलाजित पाण्यात तंतू सोडते, हे ग्रंथांतही सांगितले आहे. पण हे लक्षण ज्याने ग्रंथात वाचले त्यात भेसळ करणाऱ्यानेही ते वाचलेले असते, हे आपण विसरतो.

खरी मेख आहे ती मात्रेत, आणि आमच्या मते ह्या साऱ्या विषयाचा कणा तोच आहे. जुना वैद्य भस्म गुंजेने मोजीत असे. एक गुंज म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम. तेवढे भस्म तो मधात खलून, रोग्याची प्रकृती पाहून, नेमक्या दिवसांपुरते देई. आज बरणीवर लिहिलेले असते, रोज एक चमचा, दुधातून. लहान चमचा म्हटला तरी तो पाच ग्रॅमच्या आसपास जातो. म्हणजे गुंजेच्या चाळीस पट. आता हिशेब करून पाहावा. वनस्पतिजन्य आयुर्वेदिक औषधांत शिशाची मर्यादा १० पीपीएम, आर्सेनिकची ३, पाऱ्याची १ आणि कॅडमियमची ०.३ अशी धरली जाते. एक पीपीएम म्हणजे किलोमागे एक मिलिग्रॅम. समजा एखादी भुकटी ह्या मर्यादेत, म्हणजे बरोबर १० पीपीएमवर आहे. तिच्या एका गुंजेतून सव्वा मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाईल. चमच्यातून मात्र ५० मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली अन्नातून रोज जाणाऱ्या शिशासाठी जो संदर्भस्तर ठरविला तो प्रसूतिक्षम वयाच्या स्त्रियांसाठी ८.८ मायक्रोग्रॅम आणि मुलांसाठी २.२ मायक्रोग्रॅम इतका आहे. प्रमाणपत्रावर 'मर्यादेत' असा शिक्का असलेली भुकटी चमच्याने घेतली, तर गरोदर बाईच्या पोटात त्याच्या पाचपटीहून अधिक आणि मुलाच्या पोटात वीसपटीहून अधिक शिसे जाऊ शकते. मुलाच्या रक्तातील शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. ज्या भुकटीने मुलाची उंची वाढावी म्हणून आई धडपडते, तीच त्याच्या बुद्धीच्या वाढीवर घाला घालू शकते. परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी गुंज टाकून चमचा कधी हाती घेतला, हे त्यांना कोणीतरी विचारावयास हवे.

येथे आयुर्वेदाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा अथवा आर्सेनिक सापडल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्याकडे बरीच खळबळ उडाली आणि केवळ वनस्पतिजन्य औषधांच्या निर्यातीसाठी २००६ पासून जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. त्याच संशोधकांनी २००८ मध्ये महाजालावरून मागविलेली १९३ उत्पादने तपासली. त्यांतही सुमारे एकपंचमांशात हे धातू आढळले. लक्षणीय बाब अशी की, भारतात बनलेल्या आणि अमेरिकेत बनलेल्या मालाचे प्रमाण जवळपास सारखेच होते. तेव्हा 'एक्सपोर्ट क्वालिटी' अथवा 'इम्पोर्टेड' ह्या शब्दांनी दिपून जाण्याचे कारण नाही. आणि नागभस्म हे मुळात शिशाचेच भस्म आहे. ते वैद्याच्या हातचे शस्त्र आहे, फेरीतून आणून चहात टाकावयाची वस्तू नव्हे.

मग गिऱ्हाइकाने पाहावयाचे काय? पहिली गोष्ट, भुकटी कायद्याच्या दृष्टीने कोणत्या जातीची आहे. अन्नपूरक म्हणून ती विकली जात असेल तर तिच्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक, 'हेल्थ सप्लिमेंट' हे शब्द आणि औषधी उपयोगासाठी नाही अशी सूचना हवी. आयुर्वेदिक औषध म्हणून विकली जात असेल तर तसे शब्द, उत्पादन परवान्याचा क्रमांक, घटकांची यादी, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख हवी. आणि पारा, हरताळ, मनःशिळा, हिंगूळ ह्यांसारखे द्रव्य पोटात घ्यावयाच्या औषधात असेल तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे हा इशारा इंग्रजीत व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. ह्या दोहोंपैकी काहीच नसलेली पुडी कोणाचीच जबाबदारी नसते. जी भुकटी एका बाजूला अन्न म्हणविते आणि दुसऱ्या बाजूला मधुमेह व संधिवात बरे करण्याचे वचन देते, ती दोन्ही घरची पाहुणी उपाशीच राहावी. उंची वाढविण्याची जाहिरात तर १९५४ च्या जादुटोणासदृश औषधांच्या जाहिरातींवरील कायद्याने निषिद्धच आहे.

दुसरी गोष्ट, आकडा कशाचा आहे. 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम' ह्याचा अर्थ कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, कारण कार्बोनेटच्या वजनात चाळीस टक्केच कॅल्शियम असते. लेबलावर मोठा आकडा छापून लहान माल विकण्याची ही सर्वांत जुनी हिकमत. 'चौऱ्याऐंशी खनिजे' असलेल्या गुलाबी मिठाचेही तसेच. ते जवळजवळ सगळे साधे सोडियम क्लोराइड असते, गुलाबी छटा लोहाच्या अंशाची, आणि उरलेली खनिजे इतकी अल्प की त्यांच्यासाठी पुरेसे मीठ खाल्ले तर रक्तदाब आधी चढेल. आगरवाड्याच्या मिठागरांतून जे मीठ पिढ्यान्‌पिढ्या निघत आले त्याला कोणी असले बिरुद लावले नाही, हा त्या मीठकऱ्यांचा भोळेपणा म्हणावा की प्रामाणिकपणा!

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, तपासणीचा अहवाल. तो मागण्यात संकोच मानू नये. अहवालावरील बॅच क्रमांक बरणीवरील बॅच क्रमांकाशी जुळला पाहिजे. नाहीतर एका चांगल्या बॅचच्या कागदावर दहा वर्षे माल खपविता येतो. तपासणारी प्रयोगशाळा मान्यताप्राप्त, म्हणजे एनएबीएलची मान्यता असलेली हवी. चारही धातूंपुढे प्रत्यक्ष आकडे हवेत, नुसते 'पास' नको. कारण आकडा मिळाल्यावाचून वर दाखविलेला चमच्याचा हिशेब करता येत नाही. ज्या विक्रेत्यापाशी असा कागद नाही त्याच्याशी वाद घालण्याचेही कारण नाही.

ह्या संदर्भात एक गंमत सांगावीशी वाटते. दूध सोसायट्यांतून गुरांसाठी जे खनिज मिश्रण मिळते त्यासाठी भारतीय मानक संस्थेचे 'आयएस १६६४' हे स्वतंत्र मानक आहे. मीठविरहित मिश्रणात कॅल्शियम किमान २० टक्के, फॉस्फरस किमान १२ टक्के, इतकेच नव्हे तर खडकातून येणाऱ्या फ्लुओरिनची कमाल मर्यादाही त्यात ठरवून दिली आहे. म्हणजे शेतकरी आपल्या म्हशीसाठी पिशवी घेतो तेव्हा त्याला आत काय आहे हे टक्केवारीने वाचता येते. त्याची सून स्वतःसाठी फेरीतून पुडी घेते तेव्हा तिच्यापाशी विक्रेत्याच्या शब्दाखेरीज काही नसते.

आणि ह्या सगळ्याच्या आधीचा प्रश्न गरजेचा. रक्त कमी आहे की नाही हे हिमोग्लोबिनच्या साध्या तपासणीने कळते. पेडणे, कासारवर्णे, डिचोली, साखळी येथील सरकारी आरोग्य केंद्रांत ती सोय आहे, आणि गरोदर स्त्रियांना ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी राष्ट्रीय कार्यक्रमातून विनामूल्य दिली जाते. त्या गोळीला बरणीचे रूप नाही, चवही नाही. पण तिच्यात काय आहे हे ठाऊक आहे. थॅलेसेमियाच्या वाहकाने केवळ फिकटपणा पाहून लोह घेत सुटू नये, मूत्रपिंडाच्या रुग्णाने कॅल्शियमची भुकटी डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. बाकीच्यांसाठी नाचणी आहे, जिच्या शंभर ग्रॅमांत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी आहे. ही यादी कोणा वैद्याची नव्हे; आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरातील आहे.

गिऱ्हाइकाला इतके सारे करावयास सांगताना सरकारने काय करावे हेही सांगितले पाहिजे. अन्न सुरक्षा कायद्याच्या चाळीसाव्या कलमाने प्रत्येक खरेदीदाराला एक हक्क दिला आहे. विकत घेतानाच दुकानदाराला तशी कल्पना देऊन घेतलेले अन्न तो शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, आणि माल नियमबाह्य निघाल्यास ते शुल्क त्याला परत मिळते. अन्नपूरक म्हणून विकली जाणारी भुकटी ह्या कलमात येते. हा हक्क ठाऊक असलेला माणूस आमच्या ओळखीत क्वचितच निघेल. बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाने तो मराठी व कोकणी फलकांवर लिहून प्रत्येक बाजारात लावावा, आणि वर्षातून निदान दोनदा ह्या दोन तालुक्यांतील खनिज भुकट्यांचे नमुने स्वतः उचलून धातूंचे आकडे उत्पादकांच्या नावानिशी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावेत. धारगळला ११ डिसेंबर २०२२ रोजी अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. पेडणे तालुक्याच्या दारात आलेल्या ह्या संस्थेने आठवड्यातून एक दिवस असा ठेवावा की, कोणाही गावकऱ्याने घरातील बरणी घेऊन यावे आणि तज्ज्ञ वैद्याने ती पाहून, ही घ्यावी, ही किती गुंजा घ्यावी किंवा ही टाकून द्यावी, एवढे सांगावे. प्रशासनाला पहिले नमुने कोठून घ्यावेत असा प्रश्न पडत असेल, तर कोजागरीला पेडण्याची पुनव भरते. त्या फेरीत नुसता एक फेरफटका मारला तरी पिशवी भरेल.